चौथी खुर्ची

माझगावात नवाब टँक रोडवर चिन्यांचं एक देऊळ आहे, सी यप कून. १९१९ सालचं. कँटनकडच्या चार परगण्यांतून मुंबईत आलेल्या लोकांनी बांधलेलं. त्यांतले बरेचसे बोटींवरचे खलाशी. वरच्या मजल्यावर क्वान कुंग बसतो, न्यायाचा आणि शौर्याचा देव. आम्ही मुलं त्याला ‘चिन्यांचा मारुती’ म्हणायचो, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. १९६२ च्या युद्धानंतर ही वस्ती पांगत गेली. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे दातांचे चिनी डॉक्टर मात्र टिकले. त्यांच्या आईला आम्ही सगळेच आजी म्हणायचो. माहजाँग मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्याकडे.

खेळ चौघांचा आणि समजायला सोपा आहे. टाइल्स १४४. बांबू, वर्तुळं आणि अक्षरं असे तीन रंग, शिवाय चार वारे, तीन ड्रॅगन, आठ फुलं-ऋतू. हातात तेरा टाइल्स. मधे रचलेल्या टाइल्सच्या भिंतीतून एक उचलायची, एक फेकायची. चार संच आणि एक जोडी जमली की डाव तुमचा. रमीचीच थोरली बहीण म्हणा.

आजी उचललेली टाइल बघायच्याच नाहीत. अंगठा खालून फिरवायच्या, कोरीव चित्र बोटाला कळायचं, आणि नको असेल तर ती उलटी न करताच फेकण्यासाठी हात पुढे यायचा. टेबलावर आपटताना चित्र दिसे तेवढंच. मोठ्या हाताच्या मागे त्या कधी लागल्या नाहीत. स्वस्तातला डाव, पण झटपट. शेजारची बाई जमवाजमव करत असतानाच आजींचा डाव उघडा पडलेला असे. मग पुन्हा टाइल्सचा तो खडखडाट, जिन्यापर्यंत ऐकू येणारा.

लग्नानंतर नेव्हीनगरला गेले आणि तिथे अधिकाऱ्यांच्या बायकांत हाच खेळ पुन्हा भेटला. ओळख पटायला जरा वेळ लागला! लष्करी बायकांचं माहजाँग इंग्रजांच्या वळणाचं. त्यात खास हात असतात, त्यांची नावंही मजेशीर: रिगली स्नेक, गर्टीज गार्टर. पॉइंट्सची वही, दुपारची कॉफी, सँडविचेस, आणि एकेका डावाला लागणारा वेळ तर विचारूच नका. इथे झटपट डाव मारणारीकडे जरा नाक मुरडूनच बघत. सगळ्यांना मोठं काहीतरी हवं असायचं. एका रंगाचे तीन एक्के, तीन नव्वे आणि मधली दोन ते आठ, अशा तेरा टाइल्सवर बसायचं, म्हणजे त्या रंगाची कुठलीही टाइल आली की डाव. हा हात जमलेला मी पाहिलेला नाही. त्यापायी वाया गेलेल्या दुपारी मात्र पुष्कळ पाहिल्या. साहेबांच्या बायकोला हवी ती टाइल हमखास फेकणाऱ्याही असत, पण ती शैली खेळाची नव्हे, नोकरीची.

नवखी बाई आपल्या तेरा टाइल्सपलीकडे बघत नाही. थोडी मुरली की टेबलावर पडलेल्या टाइल्स मोजू लागते. त्याच्याही पुढची पायरी मला दाखवली ती मूळ कोल्हापूरच्या एका कमांडरच्या बायकोने. भिंत संपत आली होती. त्यांचा हात तयार होता, फक्त एक टाइल हवी होती. त्यांनी उचलली ती पाच बांबू, त्यांच्या काहीच कामाची नसलेली. कुणीही फेकली असती. त्यांनी माझ्यासमोरच्या फेकलेल्या टाइल्सवरून नजर फिरवली. त्यांत वर्तुळं होती, अक्षरं होती, बांबू एकही नव्हता. पाच बांबू त्यांनी ठेवून घेतला आणि हिरव्या ड्रॅगनची आपली जोडी फोडली. मी पाच बांबूवरच बसले होते. भिंत संपली, डाव कुणाचाच झाला नाही, आणि वहीत त्या पराक्रमाची काही नोंद नाही.

म्हणून जास्त डाव जिंकणारीला मी सरसकट उत्तम खेळाडू म्हणत नाही. तयार हात मोडता येणं, तेही चेहऱ्यावर काही न दाखवता, ही माझ्या लेखी वरची पायरी. माझं स्वतःचं म्हणाल तर मी अजून आजींच्याच वळणाची, छोट्या डावांची.

नातवंडं म्हणतात, आजी, माहजाँग मोबाइलवर आहे की. ते माहजाँग नव्हे. टाइल्स त्याच, पण एकट्याने सारख्या टाइल्सच्या जोड्या उचलायच्या. १९८१ साली ब्रॉडी लॉकार्ड या अमेरिकन माणसाने संगणकासाठी तयार केलेला तो निराळाच खेळ. त्यात समोर कुणी नसतं, त्यामुळे कुणाला अडवायचंही नसतं.

आता पुन्हा माझगावातच राहते. गुरुवारी दुपारी आमच्याकडे टेबल मांडतो, आणि सध्या आम्ही तिघीच आहोत. रमी येत असेल तर निम्मं शिक्षण झालंच आहे. उरलेलं आम्ही शिकवू. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत येण्यासारखं आहे. पैसे लावून खेळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.