पस्तीस मिलिमीटरचा हट्ट

‘वडसा? हे नक्की कुठे आलं?’ हिंजवडीच्या ऑफिसात कुणी नवीन जॉइन झालं, की हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं. गडचिरोली जिल्ह्यात. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर वडसा, तालुक्याच्या कागदावर देसाईगंज, गाव एकच. वैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी. एवढं सांगून होईपर्यंत समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘बापरे, जंगल!’ उमटलेलं असायचं.

तर अशा दोन नावांच्या गावचा मी, आणि माझी गाडीही तशीच. कागदावर एकदम सज्जन फॅमिली सेडान. फोक्सवॅगन व्हेंटो, १.६ टीडीआय, मॉडेल २०११. चार दारं, ऐसपैस डिकी, मागे आई-बाबा आरामात बसतील अशी सीट. पहिलं दणदणीत अप्रेझल झालं आणि घेतली. जिथे ती बनली ते चाकण माझ्या फ्लॅटपासून तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे तेव्हा वाटायचं, हिचं आणि माझं गाव एकच, पुणे!

आणि बॉनेटखाली? तिथेच तर सगळी गंमत आहे.

‘फाइल टाकली का?’

कंपनीने दिलेली ताकद होती १०५ हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क. घरच्या गाडीला ही पुरून उरते, पण ड्रायव्हिंगचा किडा एकदा चावला की ‘पुरून उरणं’ हा शब्दच डिक्शनरीतून जातो. दोन वर्षांची वॉरंटी २०१३ मध्ये संपली, आणि पुढच्याच शनिवारी मी एका ट्यूनरकडे हजर!

ज्यांना हा फंडा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिझेल गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. किती डिझेल फवारायचं, टर्बोने हवा किती दाबायची, हे तो ठरवतो. त्याच्यातला हिशेब बदलला की तेच इंजिन जास्त जोर लावतं. याला म्हणायचं रीमॅप, आणि आमच्या टोळीच्या भाषेत ‘फाइल टाकणं’. मला सांगितलेला आकडा होता १३५ हॉर्सपॉवर आणि ३१० टॉर्क. खरा किती होता देव जाणे, पण १८०० आरपीएमच्या पुढे गाडी अशी झेपावायची की शेजारी बसलेला मित्र नकळत दरवाजाचं हँडल पकडायचा.

मग काय, एकातून एक सुरू झालं. रुंद टायर आले. एअर फिल्टर आला. आणि सगळ्यात लाडकी वस्तू, लोअरिंग स्प्रिंग्ज! गाडी पस्तीस मिलिमीटर खाली बसली. ताम्हिणी घाटात वळणं अशी कापायची, की रविवारी पहाटे पाचला उठायला अलार्म लागायचा नाही. पार्किंगमध्ये गाडी लावून चार पावलं गेलो की मागे वळून एकदा बघायचंच. हसू नका, तुमच्यातले निम्मे हेच करतात!

बाबांना मात्र यातलं काही पटायचं नाही. सुट्टीत वडशाला गेलो की ते अंगणात गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि विचारायचे, ‘काऊन गा, गाडी बसून काऊन गेली? स्प्रिंगा तुटल्या का?’ पैसे देऊन बसवली, हे सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.

जंगलाने घेतलेली परीक्षा

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला, ऑफिस लॅपटॉपमध्ये मावलं आणि मी बॅग भरून वडशाला आलो. ‘दोन महिन्यांसाठी’ आलो होतो. अजून इथेच आहे.

इथे घाट नाहीत. इथे आहेत सरळ सपाट रस्ते, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मग अचानक जंगल. प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक गतिरोधक, आणि तो कुणी कुठल्या मापाने बांधलाय याला काही नियम नाही. पहिल्याच आठवड्यात गाडीचं पोट तीन वेळा घासलं. चौथ्या वेळी इंजिनखालचं कव्हर फाटून रस्त्यावर लोंबायला लागलं. ट्रॅक्टर आणि बोलेरो दुरुस्त करणाऱ्या आमच्या गॅरेजवाल्या भाऊने खाली वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाला, ‘भाऊ, हे गाडी इथची नाही जी.’

त्याच वर्षी क्लच घसरायला लागला. आरपीएम वर आणि गाडी जागच्या जागी. यात दोष माझाच. २५० टॉर्कसाठी बनवलेल्या क्लचवर मी सात वर्षं त्याहून कितीतरी जास्त भार टाकत होतो. ट्यूनरने तेव्हाच सांगितलं होतं, पण ऐकणार कोण? नवीन क्लच नागपूरहून आला, चार दिवस गाडी जॅकवर, आणि खिशाला बसलेली फोडणी वेगळीच.

दुसऱ्या हिवाळ्यात आणखी एक धडा मिळाला. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेर. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, नाटकं लागतात आणि ती चक्क रात्रभर चालतात. नाटक कंपन्यांची ऑफिसं आमच्याच गावात. (याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.) असंच एक नाटक बघून पहाटे चारला परत येत होतो. धुकं पडलेलं. अचानक समोर तणसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर! ब्रेक लागले, गाडी थांबली, पण मधलं अंतर उरलं होतं जेमतेम एक हात. तेव्हा लक्षात आलं, ‘पळण्यावर’ मी एवढा खर्च केला, ‘दिसण्यावर’ एक रुपया नाही.

चार वाजताची गाडी

आणि मग २०२२ चा जून. बाबांच्या मानेतली गाठ साधी नव्हती, लिम्फोमा निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, केमोच्या सहा सायकल्स, दर एकवीस दिवसांनी, नागपूरला.

वडसा ते नागपूर साधारण एकशे चाळीस किलोमीटर. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड. पूर्वी नागभीडहून नॅरोगेजची गाडी डुलत डुलत नागपूरला जायची, पण गेज बदलायचं म्हणून २०१९ मध्ये तीही बंद झाली होती. ते काम आमच्यासाठी माझ्या व्हेंटोवर आलं. पहाटे चारला निघायचं. आई मागे, मांडीवर रिपोर्टांची पिशवी आणि डबा. बाबा पुढे.

पहिल्या सायकलनंतर परत येताना काय झालं ते मी विसरणार नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या सुंदर, कडक, बुटक्या स्प्रिंग्जमधून थेट बाबांच्या अंगात जात होता. स्प्रिंग लहान केली की चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते, म्हणून ती कडक करावी लागते. हे गणित मला तोंडपाठ होतं, पण ते असं समजावून घेतलं नव्हतं. भिवापूरच्या अलीकडे बाबा म्हणाले, ‘थांबव गा जरा.’ दार उघडून रस्त्याच्या कडेला ते ओकत होते, आई पाठ चोळत होती. मी बाटली घेऊन उभा होतो आणि माझी नजर कुठे होती माहितेय? मागच्या चाकावर. चाक आणि मडगार्डमधल्या त्या फटीवर, जी कमी झाली म्हणून एके काळी मी मित्रांना पार्टी दिली होती.

तिसऱ्या दिवशी गाडी परत जॅकवर. जुन्या ओरिजिनल स्प्रिंग्ज पुण्याच्या फ्लॅटच्या लॉफ्टवर पडल्या होत्या, मित्राने पार्सल केल्या. शॉकअॅब्सॉर्बरही दमलेले होते, ते नवे टाकले. मग लॅपटॉपवर बसून रीमॅपचा विचार केला. त्या फाइलची सवय अशी, की १८०० आरपीएमपर्यंत गाडी झोपलेली आणि मग एकदम धक्का. मला तो धक्का हवाहवासा, पण पोटात केमो असलेल्या माणसाला? नागपूरलाच एका वर्कशॉपमध्ये ओरिजिनल फाइल परत टाकून घेतली. निघताना तिथला मुलगा म्हणाला, ‘सर, लोक उलटं करायला येतात!’

एक गोष्ट मात्र नवीन बसवली. हेडलाइटला रिले. बल्ब कंपनीचेच, पण बारीक वायरीतून लांबचा प्रवास करून येताना व्होल्टेज गळतं. जाड वायर आणि रिले टाकून करंट बॅटरीतून थेट दिला, की त्याच बल्बचा उजेड खुलतो. ना निळा झगमगाट, ना समोरच्याचे डोळे दिपवणं.

त्या उजेडाची गरज होतीच. सीटी-१ नावाचा वाघ त्या वर्षी आमच्या भागात फिरत होता. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या पट्ट्यात त्याने तेरा जणांचा जीव घेतला. शिवाय २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात उतरलेला. त्यात पावसाळा, वैनगंगेला पूर. निघायच्या आदल्या रात्री मी तीन फोन करायचो, पुलावर पाणी आहे का, रस्ता चालू आहे का. ड्रायव्हिंगचा थ्रिल म्हणतात तो मी ताम्हिणीत शोधत होतो! इथे चाळीसच्या स्पीडने जाताना हाताला घाम यायचा.

आणि एक गंमत सांगू? त्या सहा फेऱ्यांत मी पहिल्यांदा खरं ड्रायव्हिंग शिकलो. आईच्या हातात स्टीलचा ग्लास, अर्धा पाण्याने भरलेला. तो हिंदकळता कामा नये, हा माझा नवा लॅप टाइम! ब्रेक दाबण्यापेक्षा ब्रेक सोडणं कठीण असतं, थांबण्याच्या शेवटच्या क्षणी पाय किंचित उचलला तर मान पुढे जात नाही. गिअर बदलताना क्लच कुठे सुटतोय हे कानाने कळतं. खड्डा शंभर मीटर आधी दिसला तर तो खड्डा राहतच नाही. चौथ्या फेरीला बाबा उमरेडच्या आधीच झोपले. नागपूर आल्यावर जागे झाले आणि म्हणाले, ‘आलो काय? समजलंच नाही.’ एवढी मोठी ट्रॉफी मला कुणी दिलेली नाही.

सहावी सायकल ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. त्याच आठवड्यात, १३ तारखेला, वडशाच्या जंगलात तो वाघही पकडला गेला. परतीच्या वाटेवर बाबा खुशीत होते. सरळ मोकळा रस्ता लागला तसे म्हणाले, ‘तू काय ते फाइल-फाइल करत होता ना? पळवून दाखव बरं जरा.’ आता काय सांगणार? मी तिसरा गिअर टाकला आणि नव्वदपर्यंत खेचली. ‘हौ! जोर तं हाय गा!’ बाबा खूश. फाइल कधीच निघून गेलीय हे त्यांना आजही माहीत नाही. प्लीज, सांगू नका!

आता पुढे काय?

गाडीने पावणेदोन लाख किलोमीटर पार केलेत. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२६ पर्यंत. पुढे वापरायची तर तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची. तेव्हा गाडी कागदाप्रमाणे ओरिजिनल असणं किती बरं, हे आता कळतंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांना मुळातच आडवं येतं, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं. पुण्यात असताना मी कलम-बिलम वाचलंच नव्हतं. आणि हिच्यासारखी दुसरी घ्यायची म्हटलं तरी मिळणार कुठे? बीएस-६ च्या वेळी, २०२० मध्ये, फोक्सवॅगनने इथली डिझेल इंजिनंच बंद केली.

मित्र म्हणतात, ‘स्क्रॅप कर, नवीन घे.’ परवा जेवताना मीच विषय काढला. म्हटलं, ‘बाबा, पंधरा वर्षं होतील आता. काढून टाकायची का?’

बाबांनी वरणात पोळी बुडवली, माझ्याकडे बघितलं.

‘काऊन? मी तं बाहत्तर वर्साचा आहो. माहं रिनिवल झालं ना?’