बारदाना वजा

आमचं गाव पोखर्णी, नृसिंहाचं. लहानपणी वडिलांसोबत तूर घेऊन परभणीच्या मोंढ्यात जायचो. काट्यापाशी वाद ठरलेला, बारदान्याचा. आडत्या पोत्यामागं किलोभर कापायचा. वडील हटायचे नाहीत, "रिकामं पोतं टाका काट्यावर, अर्ध्याच किलोचं हाय." पुढं वकील झालो, औरंगाबाद खंडपीठात गांजाची अपिलं चालवू लागलो. तो वाद तिथं कामाला आला.

एनडीपीएसचं अपील हाती पडलं की नवे वकील आधी कलम 50 शोधतात. ते अंगझडतीचं कलम. पोत्याच्या झडतीला ते लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पवनकुमार प्रकरणात 2005 सालीच सांगितलंय. मी आधी वजनाकडे जातो. गांजा 20 किलोच्या वर गेला की व्यावसायिक प्रमाण. किमान 10 वर्षं, न्यायाधीशांनाही त्याखाली उतरता येत नाही.

एका पेपरबुकात पंचनामा होता : दोन पोती, 20 किलो 700 ग्रॅम. शिक्षा 10 वर्षं. पेपरबुक तीनदा चाळलं. तिसऱ्या खेपेला वजनकाटेवाल्याच्या उलटतपासात एक ओळ दिसली : 'हे म्हणणे खरे आहे की, वजन पोत्यांसह केले.' फोटोत तर झाडं मुळासकट, मुळांना मातीची ढेकळं. कायद्यात गांजा म्हणजे फुला-फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं-बियाही धरत नाहीत. मुळं आणि माती कुठून आली?

बारदाना वजा केला, माती झटकली, की 20 किलोचा भरवसा उरत नव्हता. न्यायालयाला ते पटलं. दोष कायम राहिला, शिक्षा भोगलेल्या 6 वर्षांवर आली.

बाहेर व्हरांड्यात आरोपीच्या वडिलांनी विचारलं, "म्हंजी सुटला का, साहेब?"

"घरी येईल. निर्दोष नाही."

ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "पोतं तवाच रिकामं करून मोजलं असतं तर?"

सत्र न्यायालयात उभ्या राहणाऱ्या मित्रांनो, वजन करणारा साक्षीदार पिंजऱ्यात आला की बारदान्याचं तेवढं विचाराच. वर आम्हाला तो प्रश्न विचारता येत नाही.