आई पाणी पीत नाही

माझी आई पाणी पीत नाही. म्हणजे पिते, पण चिमणीनं चोच बुडवावी तेवढं. सकाळी चहा, दुपारी भाकरीवर दोन घोट, रात्री गोळीपुरतं. मी आईवर तीन कविता लिहिल्या. तिच्या हातांच्या घट्ट्यांवर लिहिलं, तिच्या विटक्या पातळावर लिहिलं. टाळ्या पडल्या. पण ती पाणी का पीत नाही, हे मला सत्तावीस वर्षं दिसलं नाही. असला मी कवी.

मी सूतगिरणीत साच्यावर आहे. आई मागाच्या शेडात कांड्या भरते. गावाचं नाव लिहीत नाही. मागाच्या कुठल्याही गावात जा, आमची वस्ती तुम्हाला भेटेल.

आईला उन्हाळी लागायची. लघवीला आग, घडीघडीला उठायचं आणि चार थेंब. ओटीपोटात कळ. आम्ही धने भिजवून पाणी द्यायचो, सब्जा द्यायचो. नाहीच थांबलं तर मेडिकलवाल्याकडून दोन दिवसांच्या गोळ्या. आग विझली की उरलेल्या गोळ्या पत्र्याच्या डब्यात, पुढच्या वेळेला. आणि पुढची वेळ यायचीच. "बाईच्या जातीला ह्ये असतंच रं," आई म्हणायची. "उष्णतेचं हाय."

एका रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला. पाठीत बरगडीखाली कळ, उलट्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत, आणखी उशीर केला असता तर जिवावर बेतलं असतं. मग विचारलं, "पाणी किती पिता? लघवीला कितीदा जाता?" आईनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी पडद्याबाहेर गेलो. बाहेरून ऐकलं ते असं :

पहाटे पाचला अंधारात एकदा. मग रात्री अंधार पडल्यावर. मधे काही नाही. शेडात बायांना जागा नाही. वस्तीच्या संडासाला कडी नाही, दिवा नाही, बाहेर पोरं टपून बसतात. "पाणी पिलं की लागतं, बाई. म्हणून पीतच न्हाई."

मी गिरणीत लागलं की सुटतो. रस्त्यात लागलं तर भिंत आहे. मला कधी कुणी विचारलं नाही, कितीदा जातोस.

त्या दिवसापासून मी वाचत गेलो, डॉक्टरीणबाईंना विचारत गेलो. मला कळलं ते सांगतो. हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात. बाईची मूत्रनळी जेमतेम चार सेंटीमीटर. संडासची जागा जवळ. जंतूला चालायला वाट किती ती! लघवी वाहत राहिली तर त्यांना धुऊन नेते. तुंबून राहिली तर ते आत बसून वाढतात. यात उष्णता नाही, करणी नाही, बाईची जात नाही. तुंबलेलं गटार आणि वाहतं गटार यातला फरक आम्हाला कुणी शिकवायला नको.

२०१८ साली एक अभ्यास छापून आला. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बाया. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांचं दुखणं जवळजवळ निम्म्यावर आलं. औषध काय, तर पाणी.

म्हणून दोस्तांनो, घरात बोला. लाजू नका. धुताना पुढून मागं धुवायचं, मागून पुढं नाही. तिथं डेटॉल, साबण घासायचा नाही. राखण करणारे चांगले जंतू मरतात. आतले कपडे सुती, उन्हात वाळवलेले. आमच्या बाया ते कपडे लाजेनं दुसऱ्या कपड्याखाली दमट वाळवतात, ते बंद करा. नवरा-बायकोच्या संबंधानंतर बाईनं लघवीला जाऊन यावं, आणि नवऱ्यानं त्यावर तोंड वाकडं करू नये. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर लघवीची कल्चर तपासणी करून घ्या, साखर तपासा. गोळ्या सांगितल्या तेवढ्या दिवस घ्या. डब्यातली उरलेली गोळी जंतूला मारत नाही, पैलवान करते. पाळी गेलेल्या बाईची ती जागा कोरडी, नाजूक होते. त्यावर लावायचं औषध असतं, ते डॉक्टरला विचारा. आणि थंडीताप, पाठीत कळ, लघवीत रक्त, किंवा बाई गरोदर असली, तर धने-सब्जा करत बसू नका. उठा आणि दवाखाना गाठा.

हे सगळं मी आईला समजावलं. ती म्हणाली, "पाणी पिते. पण मुतू कुठं?"

इथं माझं वाचन संपलं.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. आज आमच्या घरात नळ आहे. त्या नळापुढं माझी आई कोरड्या घशानं बसते. तळ्यावर पहारा होता तो दिसत होता. हा पहारा दिसत नाही, तो बाईच्या पोटात बसवलाय.

१९४८ च्या कारखाना कायद्यातच बाया आणि पुरुषांसाठी वेगळे संडास-मुताऱ्या लिहून ठेवल्या होत्या. पण शेडात माणसं मोजून पाच. मालक म्हणतो, आपला कुठं कारखाना आहे?

मी दोन सुट्ट्या घालवून खोलीच्या कोपऱ्यातली मोरी वाढवली. कमरेएवढी भिंत, पडदा, नळी थेट गटारात. रात्रीची सोय झाली. दिवसाची नाही. मग आई आणि शेडातल्या तीन बाया मिळून मालकाकडं गेल्या. मुताऱ्यासाठी भांडायला बाया गेल्या म्हणून मागावरचे गडी हसले. त्यांतले दोघे माझे दोस्त, माझ्या कवितांना टाळ्या देणारे. मालक म्हणाला, बघू.

अजून बघतोच आहे. बाया पुन्हा जाणार आहेत. या खेपेला मीही जाणार आहे, पण मागं उभा राहणार आहे. बोलणार त्या.

काल रात्री आईनं झोपताना भरला तांब्या पिला. मधल्या रात्री पडद्याआड पाण्याचा आवाज आला. मी जागाच होतो. कूस बदलली आणि झोपलो.