सुवर्णपुष्पाची ओळख

गेल्या चैत्रांत कन्येच्या आग्रहावरून ग्रीस देशीं अथेन्स नगरीस जाण्याचा योग आला. तेथें अक्रोपोलिसच्या नैर्ऋत्येस फिलोपाप्पोस नांवाची टेंकडी आहे. तिच्या खडकाळ उतारावर रानटी रोपें पिवळ्या फुलांनीं डवरलीं होतीं. दहा वर्षांच्या नातीनें विचारलें, “आजोबा, हें कोणतें फूल?” मीं तत्काळ सांगितलें, “शेवंती!” जन्मभर मास्तरकी केलेल्या मनुष्यास ‘ठाऊक नाहीं’ म्हणणें जड जातें.

“पण शेवंतीचीं पानें अशीं कोठें असतात?” ती म्हणाली.

मी वांकून पाहिलें आणि वरमलों. न्यायशास्त्रांत लक्षणाचा अतिव्याप्ति हा दोष सांगितला आहे. ‘पिवळें फूल’ हें लक्षण शेंकडों वनस्पतींस लागू पडतें. ओळख पटावयास असाधारण धर्मच शोधावा लागतो.

तो आम्हीं दोघांनीं शोधिला. शेवंती मुळापासून वर्षानुवर्षें फुटते. हें रोप एकवर्षायु. तिकडे पाऊस हिंवाळ्यांत पडतो. शरदाच्या सरींनीं बीं रुजतें, वसंतांत रोप फुलतें आणि कोरडा उन्हाळा लागतांच बीं टाकून वाळून जातें. याचा एक भाऊबंद शेतांतून उगवतो. फूल तसेंच पिवळें, परंतु पानें निळसर, मेणचट व केवळ दंतुर. आमच्या रोपाचें पान हिरवें, आणि त्याच्या कातरांसही पुन्हा कातरे. म्हणजे हें ‘ग्लेबिओनिस कोरोनारिया’.

याच्या नांवाची कथाही ऐकण्याजोगी आहे. १७५३ सालीं लिनियसनें यास ‘क्रिसँथेमम कोरोनारियम’ म्हटलें. क्रिसँथेमम म्हणजे ग्रीक भाषेंत सुवर्णपुष्प. पुढें बागेंतली शेवंतीही त्याच नांवानें जगभर प्रसिद्ध झाली. शास्त्रज्ञांनीं दोघींच्या प्रजाती निराळ्या ठरविल्या, तेव्हां नांव कोणाचें हा वाद उपस्थित झाला. १९९९ सालीं सेंट लुईस येथील वनस्पतिशास्त्र परिषदेच्या वेळीं तें शेवंतीकडे ठेवण्याचा निर्णय झाला. या रानफुलास ‘ग्लेबिओनिस’ या नांवावर समाधान मानावें लागलें. माझी चूक अगदींच निराधार नव्हती, एवढाच काय तो दिलासा!

वाचकहो, घरांत वडील माणसाचा शब्द मुलें सहसा खोडीत नाहींत. म्हणूनच तो जपून उच्चारावा. हल्लीं कोणी मूल फुलाचें नांव विचारतें, तेव्हां मी म्हणतों, “चल, आधीं पान पाहूं.”