वाईन थांबते, शेतकरी कसा थांबणार?

गेल्या रविवारी नानांना घेऊन एका वायनरीत गेलो होतो. नाना म्हणजे माझे चुलते. वय ७२, गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात थेंबाला शिवलेले नाहीत. पण आठ वर्षं दोन एकरांत वाईनची द्राक्षं पिकवली त्यांनी. आपल्या मालाचं पुढं काय होतं ते मात्र कधी पाहिलं नव्हतं. वायनरीवाला ओळखीचा, त्याने बोलावलेलं. म्हटलं, नाना, चला. निदान बघून तरी येऊ.

आधीच सांगतो, वाईन चांगली की वाईट हा वाद इथे घालायचा नाही. तो जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटातल्या विक्रीचा निर्णय झाला तेव्हा पोटभर झालाय. माझा मुद्दा वेगळा आहे.

बाहेर ऊन रणरणत होतं. सेलरचं दार उघडलं आणि अंगावर गारवा आला. भिंतीवरच्या काट्यात १४ अंश. नाना म्हणाले, "हे तर आपलं कोल्ड स्टोरेज रे." चूक नव्हतंच. युरोपात जमिनीखालच्या तळघरात वर्षभर आपोआप गारवा राहतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे जाड भिंती, एसी आणि लाईट गेली की जनरेटर. उष्णतेने वाईन उकडल्यासारखी होते, मग ती कितीही भारी असो.

आत ओकच्या लाकडाची पिंपं. एकेकात २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या. लाकडातून थोडी वाईन सतत उडून जाते, ती वरून भरत राहावी लागते. बाटल्या आडव्या रचलेल्या. का, तर बुच ओलं राहावं. बुच वाळलं की हवा शिरते आणि माल गेला.

मग टेबलावर तीन ग्लास आले. कॅबर्ने सोविन्यो, एकाच बागेतली. एक दोन वर्षांची, दुसरी पाच, तिसरी दहा वर्षांची. ग्लासामागे पांढरा कागद धरून आधी रंग बघायचा. पहिलीचा रंग जांभळट. दुसरीचा गडद लाल. तिसरीच्या कडेला विटकरी छटा. पांढरी वाईन जुनी होताना गडद होते, लाल मात्र फिकी होत जाते.

मी चाखली. नानांनी फक्त वास घेतला, आणि खरं सांगू, माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळलं. पहिलीला म्हणाले, "जांभूळ. आणि हिरवी मिरची." वायनरीवाला चमकला, कारण कॅबर्नेत तसा वास खरोखर असतो. तिसऱ्या ग्लासात नाक घालून बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आजीच्या पेटीचा वास येतोय. लाकडाचा, तंबाखूचा."

माझ्या जिभेला पहिली करकरीत लागली. कच्चं सीताफळ खाल्ल्यावर तोंड कसं आवळून येतं, तसं. हे टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. वर्षं जातात तसे टॅनिन आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून जुनी वाईन मऊ लागते आणि ओतताना शेवटचा घोट बाटलीतच ठेवतात. ताज्या फळाचा वास मागे पडतो. चामडं, सुकी पानं, ओली माती असे वास वर येतात.

पण जुनं ते सोनं, असं इथे सरसकट नाही हं. जगातली बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत संपवायचीच असते. ज्यात टॅनिन आणि आंबटपणा भरपूर, तीच टिकते. इटलीच्या बारोलोला ३८ महिने थांबवल्याशिवाय विकताच येत नाही, त्यातले १८ लाकडात. स्पेनच्या रियोखात 'ग्रान रिझर्वा' म्हणायला पाच वर्षं लागतात.

हे ऐकल्यावर नानांनी एकच प्रश्न विचारला.

"मग तेवढी वर्षं पैसा कुणाचा अडकतो?"

वायनरीवाला हसला, पण उत्तर देताना थोडा अडखळला.

२००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. विंचूरला वाईन पार्क झालं. नानांनी दुसऱ्याच एका कंपनीच्या भरवशावर थॉम्पसन काढून कॅबर्ने लावली. २००८ ला मंदी आली, वर्षाअखेरीस मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. पुढच्या हंगामात कंपनीचे लोक म्हणाले, टाक्या गेल्या सालच्या मालाने भरल्यात, यंदा निम्माच उचलतो. उरलेला माल वेलीखाली सडला. उचललेल्याचे पैसे दोन वर्षांनी, हप्त्यांनी मिळाले. बिनव्याजी. सोसायटीने मात्र व्याज सोडलं नाही. २०१० ला नानांनी बाग तोडली. एकटे नव्हते ते, आपल्या जिल्ह्यात अनेकांनी तोडल्या.

कुणी म्हणेल, दुसरीकडे विकायची. कुठे? वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. बाजारात कुणी खात नाही, बेदाणाही धड होत नाही. घेणारा एकच, आणि घड पिकला की हातात दिवस मोजके. दहा वर्षं थांबायची ताकद बाटलीत असते, घडात नसते.

फ्रान्समध्ये बोर्दोला काय करतात बघा. तोडणीनंतरच्या वसंतात व्यापारी पिंपातली कच्ची वाईन चाखतात आणि सौदा होतो. बाटली हातात यायला पुढे दीड-दोन वर्षं, पण पैसे गिऱ्हाईक आधीच मोजतं. म्हणजे थांबण्याचा खर्च ज्याला जुनी वाईन हवी तो उचलतो. आपल्याकडे तो शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढला.

उसाला बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. अंमलबजावणीची बोंब आहेच, पण भांडायला कागद तरी आहे. वाईनच्या द्राक्षाला उसासारखी एफआरपी नाही, जे काही आहे ते करारावर. आणि तो करार कोण लिहितं, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून साधी मागणी. सरकार वायनरीला सवलत देतं, जरूर द्यावी. पण सवलतीच्या अर्जासोबत शेतकऱ्याचे पैसे मुदतीत दिल्याचा दाखला मागावा. एवढंच.

निघताना वायनरीवाल्याने बाटली देऊ केली. नानांनी हात जोडले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "वास चांगला होता रे. आपल्या मालाचाही असाच झाला असता."

मी काय बोलणार?

तुमच्यापैकी कुणी त्या काळात बाग तोडली असेल, तर जरूर लिहा. या विषयावर कागद गोळा करतोय.