तासांची वही

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आमचं शेत इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याजवळ, नीरा डाव्या कालव्यावर. पाळी लांबली की सगळा ऊस विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या किर्लोस्कर इंजिनाच्या भरवशावर. हँडल अण्णा मारायचे, डीकॉम्प्रेशनचा खटका धरून मी उभा. व्हीलनं वेग घेतला की ते ओरडायचे, "सोड!"

इंजिन कधी चालू झालं, कधी बंद, हे अण्णा वहीत लिहायचे. २५० तास भरले की इंजिन गरम असतानाच ऑइल खाली. गार झाल्यावर गाळ बुडाशी बसतो. एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल मात्र पाचट पेटवायच्या दिवसांत आठवड्यालाच चिखल व्हायचं. जुनं ऑइल बैलगाडीच्या कण्याला. पुढं विजेची मोटर आली, तरी लोडशेडिंगनं इंजिनाला निवृत्त होऊ दिलं नाही. दोनदा लायनर-पिस्टन बदलून ते अण्णांच्या मागंही चालत राहिलं.

आता बारामतीत घरापुढं चार पावलांची हिरवळ आहे. (उसाच्या रानातून आलेल्या माणसानं गवत विकत आणून लावावं, हे अण्णांना पटलं नसतं.) तिच्यासाठी मोवर घेतला. किती टिकेल, विचारलं तर मेकॅनिक म्हणाला, "सात-आठ वर्षं." वर्षं? आठवड्याला एक तास धरला तर आठ वर्षांचे होतात ४१६ तास. विहिरीवर आम्ही सोळा-सोळा तास पाणी ओढायचो, तेव्हा तेवढे एका महिन्यात व्हायचे.

गेल्या उन्हाळ्यात तीन महिने लेकीकडं राहिलो. परतलो तर गवत गुडघाभर आणि मोवर ढिम्म. दोरी ओढून खांदा दुखला. मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडला, जेट चिकटलेला. टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं होतं. त्यात २० टक्के इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढतं.

"उसाचंच आहे ना सर ते," तो हसत म्हणाला.

ज्या उसाला इंजिनानं पाणी पाजलं, तोच आता इंजिनाच्या घशात अडकला होता.

आता गवत कापून झालं की पेट्रोलचा कॉक बंद करतो आणि कार्बोरेटरमधलं संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत शेजारी उभा राहतो. मग वहीत लिहितो : ४० मिनिटं. परवा ऑइल बदललं. जुनं एका बाटलीत भरून स्कूटरमागं ठेवलंय. कणा आणू कुठून?