दुबार पेरणी

यवतमाळच्या काळ्या मातीवर पावसाळ्यात फुटबॉल खेळणे हे सोपे काम नव्हे. पायाला शेरभर चिखल चिकटतो आणि चेंडू जागचा हालत नाही. उन्हाळ्यात त्याच मातीला अशा भेगा पडतात की धावता धावता घोटा मुरगळावा. ह्या मातीवर माझे आयुष्य गेले. आधी खेळाडू म्हणून, पुढे शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून आणि आता निवृत्तीनंतर, रविवारच्या मिस्सानंतर जमणाऱ्या धर्मग्रामातील पंधरा-वीस मुलांचा ‘सर’ म्हणून. जिल्ह्याबाहेर माझे नाव कोणी ऐकलेले नाही आणि तसे ऐकण्याजोगे मी काही केलेलेही नाही. तरीही आज लेखणी हाती घेतली आहे ती एका चुकीची कबुली देण्यासाठी, आणि ज्यांच्या वाटचालीकडे पाहून ती चूक मला उमगली, त्या गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस ह्यांच्याविषयी लिहिण्यासाठी.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टीवर आला. शेवटची पेनल्टी घ्यायला गेलेला मुलगा चौदा वर्षांचा होता. जवळच्याच एका खेड्यातून तो रोज सायकलीने शाळेत येई. त्याने मारलेला चेंडू आडव्या दांड्यावरून निघून गेला. तो मान खाली घालून परतला तेव्हा सर्व मुलांसमक्ष मी म्हणालो, “तुझ्यामुळे गेला हा चषक!” तो काही बोलला नाही. शाळेचे बूट काढून त्याने माझ्या पायाशी नीट जोडून ठेवले आणि अनवाणीच निघून गेला. त्यानंतर तो मैदानावर कधीही आला नाही. मी मनाशी म्हटले, पोर कच्च्या मनाचे निघाले. ह्या समजुतीवर मी कित्येक वर्षे सुखाने झोपलो.

बिबियानो फर्नांडिस गोव्यातील क्लबांतून व्यावसायिक फुटबॉल खेळले आणि निवृत्त झाल्यावर मुलांना शिकवण्याच्या कामाकडे वळले. मोठ्या संघाचे प्रशिक्षकपद मिळावे, वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकावीत, असे बहुतेकांना वाटते. ह्यांनी मिसरूड न फुटलेली पोरे हाती घेतली. 2016 साली सोळा वर्षांखालील मुलांची आशियाई स्पर्धा गोव्यातच भरली. घरच्या प्रेक्षकांसमोर भारतीय संघ संयुक्त अरब अमिरातीकडून 3-2 असा हरला, सौदी अरेबियाशी 3-3 असा बरोबरीत राहिला आणि इराणकडून 3-0 असा पराभूत झाला. पुढच्याच वर्षी नव्या मुलांना घेऊन त्यांनी नेपाळमध्ये दक्षिण आशियाई विजेतेपद मिळवले.

2018 च्या सप्टेंबरात हीच आशियाई स्पर्धा मलेशियात झाली. भारताने व्हिएतनामला 1-0 असे हरवले. इराण आणि इंडोनेशिया ह्यांच्याशी गोलशून्य बरोबरी साधली. गोलरक्षक नीरज कुमारने तीन सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. 2002 नंतर प्रथमच भारत उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. आणखी एक सामना जिंकला असता तर ही मुले सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळली असती. 1 ऑक्टोबरला दक्षिण कोरियाने उत्तरार्धात गोल केला आणि भारत 1-0 असा हरला.

गांधी जयंतीच्या सकाळी ती बातमी वाचताना मला त्या गोलरक्षकाच्या जागी माझा तो अनवाणी मुलगा दिसू लागला. तीन सामने अभेद्य राहिलेल्या पोराला त्या एका गोलाचा जाब कोणी विचारावा? आणि मी तर एका चेंडूसाठी एका मुलाचा सारा खेळच हिरावून घेतला होता.

त्यानंतर मी बिबियानोंच्या संघांच्या बातम्या कापून ठेवू लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. मोठ्या संघाचा प्रशिक्षक तेच खेळाडू पाच-सात वर्षे घडवू शकतो. मुलांच्या संघाला ती मुभा नाही. जीव लावून तयार केलेली पोरे दोन वर्षांत वयाची मर्यादा ओलांडतात आणि गुरुजी पुन्हा पहिल्या धड्यापाशी येऊन उभे राहतात. 2019 साली ताश्कंदच्या पात्रता फेरीत त्यांच्या मुलांनी तुर्कमेनिस्तान आणि बहरीन ह्यांना प्रत्येकी 5-0 असे हरवले, यजमान उझबेकिस्तानला बरोबरीत रोखले आणि आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. पण महामारी आली आणि ती स्पर्धाच रद्द झाली. शेत पिकले होते, कापणी मात्र कोणाच्याच वाट्याला आली नाही. पुढे नवी मुले, नवा संघ, पुन्हा पात्रता. आणि 2023 च्या जूनमध्ये थायलंडात जपानकडून 8-4 असा पराभव.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात मी धीर करून त्या जुन्या विद्यार्थ्याचे खेडे गाठले. पेरणीनंतर पावसाने दडी मारली होती, कपाशीचे कोंब जळून गेले होते आणि तो बायकोसह दुबार पेरणी करीत होता. मला पाहताच त्याने हात पुसले व वाकून नमस्कार केला. बांधावर बसून मी त्या सामन्याचा विषय काढला, माझे चुकले असे म्हणालो. तो बराच वेळ तासांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, तो चेंडू कुठून गेला, थे मले आता आठवतही नाही. तुमचं बोलनं तेवढं आठवते.”

मला उत्तर सुचले नाही. मी विचारले, “पहिले बियाणे वाया गेले. राग येत नाही?”

“येते ना! पन मातीवर रागावून काय भेटते, सर? पुन्हा पेराच लागते.”

निघताना त्याने आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला हाक मारली. “याले चेंडूचा लई नाद आहे,” एवढेच तो बोलला. तेव्हापासून ते पोर दर रविवारी आमच्यात येते.

2025 च्या 30 नोव्हेंबरला अहमदाबादेत बिबियानोंच्या सतरा वर्षांखालील संघासमोर इराण होता. आधीच्या सामन्यात लेबनॉनकडून हार पत्करलेल्या ह्या मुलांना विजयावाचून गत्यंतर नव्हते. पहिला गोल इराणचा झाला. तरी भारताने 2-1 असा विजय मिळवून आशियाई स्पर्धेतील स्थान निश्चित केले. पुढल्या रविवारी ही हकीकत मी मुलांना सांगितली आणि सर्वांना पेनल्टीचा सराव दिला. त्या मुलाची पाळी आली. बापासारखाच दोन पावले मागे सरला, धावत आला, आणि चेंडू थेट दांड्यावरून निघून गेला.

पोराने भीत भीत माझ्याकडे पाहिले. इतर मुलेही पाहू लागली.

“जा, चेंडू घेऊन ये,” मी म्हणालो. “पुन्हा ठेव.”